न दिलेलं दान

"आणि आज मी तुम्हाला दूरचा दाखला देणार नाही," तो म्हणाला. "दाखला माझ्याच घरात आहे."

स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. कडेवर ठकू, आणि ठकूच्या कपाळाला टेकलेले तिचे ओठ... लेकीचा ताप कालच उतरला होता, पण आईच्या मनातला ताप कुठं असा चटकन उतरतो! मागे गॅसवर मंडळीच्या चहाचं पातेलं ठेवलेलं, त्याचं झाकण आत्ता खडखडेल की मग, याकडे एक कान. दारामागच्या प्लगकडे ठकूचा हात जात नाही ना, याकडे एक डोळा. आणि उरलेली सगळी ती, पुढच्या खोलीत बोलणाऱ्या आपल्या नवऱ्याचा उपदेश ऐकत होती. आठवडाभर ती खोली त्यांची बैठकीची खोली असे. रविवारी सकाळी पलंग भिंतीशी उभा होई, खेळणी टोपलीत जात, घडीच्या खुर्च्या उलगडल्या जात, आणि त्या एवढ्याशा जागेत एक नवी, कोवळी, अजून नीट उभीही न राहिलेली मंडळी प्रार्थनेला बसे. या नव्या वस्तीत दुसरी मंडळी नव्हती. त्याला तसं पाचारण झालं होतं, मोठ्या जुन्या मंडळीतलं मदतनीसाचं काम सोडून तो इथं आला होता, आणि तीही त्याच्याबरोबर आनंदानं आली होती.

"माझ्या वडिलांबद्दल तुम्ही ऐकलं आहे," तो सांगत होता. "तेही पाळक होते. माझ्या आईला तरुणपणी नकाशे काढण्याच्या कचेरीत चांगली नोकरी होती. प्रभूच्या कामासाठी तिनं ती त्याच्या चरणांशी ठेवली. माझ्या वडिलांनी ही साक्ष शेकडो वेळा दिली, आणि लहानपणी ती ऐकून ऐकून माझा विश्वास वाढला. आज तीच कृपा आमच्या घरी दुसऱ्यांदा आली आहे. माझ्या पत्नीनं आपला पीएच.डी.चा अभ्यास, इतक्या वर्षांचे कष्ट, या मंडळीसाठी प्रभूला वाहून टाकले आहेत."

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

तिनं मागे वळून पाहिलं... जणू तिच्यामागे आणखी कुणी उभं असावं, आणि ही गोष्ट त्या बाईबद्दल असावी! मागे फक्त पातेलं होतं. कुणीतरी हळूच "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. एक बाई डोळ्यांना पदर लावत होती. फक्त पहिल्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली नाही. त्यांची पाठ नेहमीसारखीच ताठ होती, आणि त्या पाठीवरून काही वाचता येत नव्हतं.

ठकूला तिनं घट्ट धरलं. इतकं, की पोर कुरकुरली.

असं ती बोलली होती का? हो. बोलली होती... शुक्रवारी संध्याकाळी. ती नदीच्या पाण्यातल्या डायाटमवर काम करत होती. डोळ्यांना दिसत नाहीत असे ते जीव, प्रत्येकाभोवती काचेची नक्षीदार डबी. कुठल्या पाण्यात कुठली डबी सापडते यावरून नदीला काय सोसावं लागलं आहे, ते कळतं. दगडांवरून खरवडून आणलेले नमुने उकळावे लागत, निथळावे लागत, पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागे. त्या आठवड्यात नमुने प्रयोगशाळेत निथळत ठेवलेले होते, आणि इकडे ठकूचं अंग भाजत होतं. ती जाऊ शकली नाही. काचपात्रं कोरडी पडली. एका ऋतूचं काम तळाशी खपली धरून बसलं. ते तिला फोनवर कळलं तेव्हा हातात मंडळीसाठी विसळायचे कप होते, आणि ती स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून म्हणाली होती, "सोडून देते मी सगळं. कुणाचं काही अडत नाही त्यावाचून." नवऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. त्याचे डोळे पाणावले होते. तेव्हा तिला वाटलं होतं, याला कळलं. आणि तो उठून, रविवारचा उपदेश तयार करायला आत गेला होता.

दमलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला सुस्कारा त्यानं उचलला, आणि नवस म्हणून देवापुढे ठेवला!

प्रार्थना संपल्यावर सगळे तिच्याभोवती गोळा झाले. बायकांनी तिचे हात हातात घेतले. मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, कुणाचं कौतुक करताना त्यांच्या जिवावर येई. त्याही म्हणाल्या की आता तुम्हाला वेळच वेळ, तेव्हा मुलांचा रविवारचा वर्ग तुम्हीच घ्या, पाळकबाई, माझे गुडघे गेले. ड्रायव्हरकाका शहरातली बस चालवत. त्यांच्या बसला ब्रेक होते, तोंडाला नव्हते, असं ते स्वतःच सांगत. ते आपल्या मुलीला पुढं ढकलत म्हणाले, "बघ, बघून घे. याला म्हणतात विश्वास. नाहीतर तू, सुट्टीतसुद्धा पुस्तकातून मान वर करत नाहीस." मुलगी नर्सिंग शिकत होती. तिनं पाळकबाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत कौतुकाहून वेगळं काहीतरी होतं. भीती होती ती.

आणि ती हसली. कपात चहा ओतत राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो, हे त्या सकाळी तिला कळलं... मारणाऱ्याच्या हातात फुलं होती, एवढंच.

दुपारी ठकू झोपल्यावर तिनं त्याला विचारलं. भांडायच्या सुरात नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"अहो, तुम्ही ते आधी मला का नाही सांगितलंत?"

तो गोंधळला. "काय?"

"मी सोडलंय म्हणून."

"तूच तर म्हणालीस ना शुक्रवारी."

"म्हणाले."

"मग?"

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. सकाळी शाळेत शिकवून, दुपारी सायकलवरून आजाऱ्यांच्या घरी जाऊन, संध्याकाळी रिकाम्या खुर्च्या मोजणारा हा माणूस; त्याच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा मान त्यानं आज आपल्या बायकोला दिला होता. त्याच्या वडिलांनी त्याच्या आईला दिला होता, अगदी तसाच. तो हळूच म्हणाला की तुझी खंत मला समजते, पण आता परत जाऊन सांगायचं तरी काय? मंडळी अजून रांगतेय. पाळकच व्यासपीठावरून खरं नसलेलं बोलला असं झालं, तर कोण उरेल? मग म्हणाला, "आणि कदाचित देवानंच तुझ्या तोंडून ते वदवलं असेल."

देवाचं नाव मध्ये आलं की तिच्याजवळचे शब्द लहान होत. तिचाही देवावर विश्वास होता, वरवरचा नव्हता. म्हणून तर ती रात्रंदिवस स्वतःला विचारत राहिली... दुसऱ्यानंच उचलून वाहिलेलं दान देव कुणाच्या नावावर धरत असेल? जिचं होतं तिच्या, की ज्यानं वाहिलं त्याच्या? आणि आता ती ते परत मागायला गेली, तर ती चोर ठरेल का?

दोन डगरींवर पाय ठेवू नयेत म्हणतात. तिच्यापुढे तर घर, विद्यापीठ आणि मंडळी अशा तीन होत्या, आणि पाय दोनच. कुठली तरी एक सुटणारच होती, असं तिनं मनाला समजावलं. नवऱ्याचा शब्द पडू द्यायचा नाही. रांगणाऱ्या मंडळीच्या पायात आपण काटा व्हायचं नाही. असा मूक निश्चय करून ती प्रयोगशाळेतलं टेबल आवरायला गेली.

तिच्या मार्गदर्शक बाई सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता ऐकत होत्या. घरच्या अडचणी, असं ती म्हणाली. त्यांनी मान वर केली, चष्मा पुसला, तिच्याकडे नीट पाहिलं.

"सोडायचं ठरवलेली माणसं मी पाहिली आहेत. हलकी होऊन येतात. तुमचा चेहरा तसा नाही." मग त्या पुन्हा आपल्या कामाकडे वळल्या. "महिनाअखेरपर्यंत हे टेबल मी कुणाला देत नाही. पुढं तुमचं तुम्ही बघा."

ती घरी आली, आणि पदवी घेतल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. आठवडाभर एकही ओळ वाचली नाही. घर लख्ख झालं. ठकूचे सगळे झगे इस्त्री होऊन एकावर एक बसले. रविवारच्या वर्गातल्या मुलांसाठी तिनं जलप्रलयाच्या गोष्टीतलं पुठ्ठ्याचं तारू केलं, त्यात प्राण्यांच्या जोड्या बसवल्या. लोक म्हणत, पाळकबाई, तुमच्या चेहऱ्यावर काय शांती आहे हो! ती शांती नव्हती. उकळून, निथळून, आतला जीव निघून गेल्यावर उरते ती काच होती.

सासूबाई सगळं पाहत होत्या. त्या फार बोलत नसत; ठकूला सांभाळायला म्हणून आल्या होत्या, आणि आपल्या कामाव्यतिरिक्त कशात पडत नसत. सुनेला त्यांची थोडी धास्तीच वाटे. पाळकाची बायको कशी असावी याचा त्या नमुना होत्या, आणि आता आपण त्या नमुन्याबरहुकूम झालो, तर त्यांना बरंच वाटत असणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. एका सकाळी त्यांनी विचारलं, "आजही जायचं नाही का तुला?" ती म्हणाली, "आता काम नाही, आई." त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या ठकूचे मोजे जुळवायला बसल्या, आणि दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे एकत्र गुंडाळून ठेवले.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी ती घटका आली.

उपदेशाच्या आधी, ज्याला कुणाला बोलायचं असेल त्यानं उठून साक्ष द्यावी, असा मंडळीचा नेम होता. कुणी बऱ्या झालेल्या दुखण्याबद्दल सांगे, कुणी मिळालेल्या कामाबद्दल. त्या दिवशी ड्रायव्हरकाका उठले. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की पाळकबाईंच्या त्यागानं आमच्या घराला स्पर्श झाला आहे. माझी मुलगी नर्सिंगचं शिक्षण सोडून मंडळीतली लहान मुलं सांभाळणार आहे, म्हणजे मोठ्यांना निवांत प्रार्थना करता येईल. दोन दिवसांत नाव काढून घेऊ.

"प्रभूची स्तुती असो," कुणीतरी म्हणालं.

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं... स्वयंपाकघराच्या दारातून पाळकबाईंना तिचं ते बोट दिसत होतं, आवळून आवळून पांढरं पडलेलं. आपण गप्प राहिलो ते आपलं आपण सोसू, असं तिला वाटलं होतं. पण गप्प राहण्याचं ओझं एका माणसाच्या खांद्यावर थोडंच थांबतं? ते उतरत उतरत या कोवळ्या पोरीच्या मानेवर येऊन बसलं होतं! आणि उद्या... तिनं कडेवरच्या ठकूकडे पाहिलं, आणि तिला पुढचा विचार करवेना.

ती दारातून पुढं आली. ठकूला खाली ठेवलं.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

तिचा नवरा उपदेशाच्या मेजामागे हसला, मान डोलावली. त्याला वाटलं, तीही स्तुती करणार.

"मी माझा अभ्यास सोडलेला नाही. एकदा फार दमले होते, मुलगी आजारी होती, तेव्हा तोंडातून तसं गेलं. ते खरं नव्हतं. यांनी खोटं सांगितलं असं नाही, यांना ते खरं वाटलं. पण मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं, आणि बोलले नाही." तिनं त्या मुलीकडे पाहिलं. "माझ्याकडे बघून तू काही सोडू नकोस. मी सोडलेलं नाही."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागच्या बाजूला एक खुर्ची करकरली. कुणीतरी उठून, चपला घालून बाहेर गेलं, आणि त्यामागे आणखी कुणीतरी. ती तिथंच उभी राहिली. तिच्या मनात एकच घोकणी चालली होती... मोडली. मी मंडळी मोडली. ज्यासाठी यांनी सगळं सोडलं, ते मी चार वाक्यांत मोडलं.

तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरून सासूबाई उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश.

"मला उभं राहून बोलायची सवय नाही," त्या म्हणाल्या. "पाळकाच्या घरात जन्म गेला, पण मी नेहमी बसून ऐकलं. माझी एक गोष्ट तुम्हाला इथं सांगितली गेली. मी नोकरी प्रभूच्या पायाशी ठेवली म्हणून. मी ठेवली नव्हती. एका रविवारी मी अशीच बसले होते, आणि याचे वडील बोलले की मी ठेवली. मलाही तेव्हाच कळलं. घरी येऊन स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही. लोकांना सांगून झालं होतं ना."

"आई..." तिचा मुलगा म्हणाला.

"तुझे वडील वाईट नव्हते रे. जन्मभर त्यांनी मला फुलासारखं जपलं. पण ते दान मी दिलेलं नव्हतं. माझ्याकडून घेतलं, आणि नाव माझं लागलं. सगळे इतके वाखाणत राहिले, की मग आपल्या मनानं देवाला काही द्यायचं माझं राहूनच गेलं." त्यांनी सुनेच्या दंडाला हात लावला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ही आज बोलली ते मला तेव्हा जमलं नाही. बोलले असते तर तू हिच्याशी असा वागला नसतास."

त्या बसल्या. आणि त्या भयाण शांततेत, सगळे इतके गप्प म्हणजे प्रार्थना संपली असणार असं वाटून, ठकू मोठ्यानं "आमेन!" म्हणाली.

कुणी हसलं नाही. पण कोंडलेला श्वास सगळ्यांचा सुटला. ड्रायव्हरकाका अजून उभेच होते. ते आपल्या मुलीकडे वळले, आणि त्यांच्या तोंडाला त्या दिवशी कधी नव्हे तो ब्रेक लागला असावा, कारण त्यांनी फार हळू विचारलं, "तुला शिकायचंय का गं?"

"हो, बाबा."

"मग घरी बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

मेजामागे उभ्या असलेल्या पाळकानं ते उत्तर ऐकलं. तिनं त्याच्याकडेच पाहिलं होतं, म्हणून तिला दिसलं... ते वाक्य ड्रायव्हरकाकांना लागलं नसेल इतकं त्याला लागलं. तो मेजामागून बाहेर आला. रोज शब्दांवर जगणारा माणूस, रिकामे हात घेऊन उभा होता.

"मीही विचारलं नव्हतं," तो मंडळीला म्हणाला. "माझं चुकलं." आणि एका मोकळ्या खुर्चीवर, सगळ्यांच्यात जाऊन बसला.

त्या दिवशी उपदेश झाला नाही. मास्तरीणबाईंनीच प्रभूची प्रार्थना सुरू केली, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तशा खणखणीत सुरात, आणि एकेक आवाज त्यात मिसळत गेला. शेवटी चहा घेताना त्या पाळकबाईंजवळ आल्या आणि म्हणाल्या की मुलांचा वर्ग माझा मीच घेते, तुमचं ते तारू छान आहे पण पोरं तुमच्याच्यानं आवरत नाहीत, मी पाहिलंय.

दोन घरं मात्र परत आली नाहीत. त्यातलं एक घर अगदी पहिल्या दिवसापासूनचं होतं. ते दुःख खरं होतं, आणि नवऱ्यानं ते तिच्यापासून लपवलंही नाही, तिच्यावर ढकललंही नाही.

दुपारी तो आईजवळ बराच वेळ बसला होता. दार लोटलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते तिनं कधी विचारलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. मंडळीचे कप मोरीत तसेच पडले होते. तो ते विसळायला लागला. कपाच्या कानाजवळची बाजू नीट धुतली जात नव्हती. तिची बोटं शिवशिवली, पण तिनं त्याला धुऊ दिलं.

"एक विचारू?" तो पाठमोराच म्हणाला. "तू तिथं नेमकं काय करतेस? मला नदी आणि पाणी एवढंच ठाऊक आहे. इतकी वर्षं तुला बस स्टॉपवर सोडतोय, आणि तू तिथं जाऊन काय करतेस ते मला सांगता येणार नाही."

तिला हुंदका फुटला. त्याच्या चुकीनं जे अश्रू आले नव्हते, जे मंडळीसमोर आले नव्हते, ते या एका साध्या प्रश्नानं आले... पदरानं पुसत, मध्येच ठकूला खुर्चीवरून उतरवत, तिनं त्याला सगळं सांगितलं. त्या काचेच्या डब्या. कुणाची होडीसारखी, कुणाची नाण्यासारखी. जीव मरतो, डबी उरते, आणि तळाशी साचत जाते. वरून पाहिलं तर नदी स्वच्छच दिसते. पण तिच्यात मागे काय काय मिसळलं होतं, ते या डब्या सांगतात. तो ओला कप हातात धरून ऐकत होता. मध्येच एक प्रश्न विचारत होता, तो फार बाळबोध होता, आणि तिला त्याचं उत्तर द्यायला फार आवडलं.

शेवटी तिनं सांगितलं की वाया गेलेले नमुने पुन्हा आणावे लागतील. वरच्या अंगाला, नदी जिथं अजून खडकातून वाहते तिथं जावं लागेल, काही दिवस राहावं लागेल. मध्ये एक रविवार येतो.

तो लगेच हो म्हणाला नाही. ते तिला बरं वाटलं. लगेच म्हटलेल्या होकाराची तिला आता भीती वाटत होती. त्यानं विचारलं, ठकू रात्री उठली तर काय करायचं, औषधाचा चमचा कुठला, खुर्च्या कोण मांडेल. मग म्हणाला, "जा तू. आम्ही बघतो."

त्या रविवारी सकाळी ती गुडघाभर गार पाण्यात उभी होती. एका हातात गोटा, दुसऱ्या हातात दात घासायचा ब्रश. दगडावरचा तपकिरी बुळबुळीत थर घासून ती पांढऱ्या थाळीत उतरवत होती. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. पहाटेपासून अनेकदा तिला ठकूच्या रडण्याचा भास झाला होता, आणि प्रत्येक वेळी तो पाण्याचाच आवाज निघाला होता. सूर्य वर आला तशी तिला जाणीव झाली, आता घरी पलंग उभा केला असेल. खुर्च्या मांडल्या असतील. आता गाणं सुरू झालं असेल... आणि आपण तिथं नाही!

तिनं गोटा खाली ठेवला. तिथंच, पाण्यात उभ्यानं, तिनं प्रार्थना केली. पुष्कळ दिवसांनी ती कुणाची पाळकबाई म्हणून नव्हे, कुणासाठी आदर्श म्हणूनही नव्हे, तर आपली आपण देवाशी बोलली. हे काम मी करते, तुझ्यासाठीच करते, असं ती म्हणाली; आणि या वेळी ते तिनं स्वतःच्या हातानं दिलं होतं.

दुपारी त्याचा फोन आला. बाह्या अजून ओल्याच आहेत असं ती म्हणाली, ते त्यानं आईलाही ऐकवलं. ठकू जेवली, थोडं कमी, पण जेवली. आई ठीक आहे. ड्रायव्हरकाकांच्या मुलीची परीक्षा जवळ आली आहे, तिच्यासाठी प्रार्थना झाली, आणि काका डोळे मिटायचे सोडून सगळ्यांना पेपराचं वेळापत्रकच सांगत बसले.

"माझं कुणी विचारलं?" तिनं विचारलं.

"विचारलं ना. सगळ्यांनीच. आज पाळकबाई कुठं आहेत म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, ती तिच्या कामाला गेलीय."

ती वाट पाहत राहिली. यापुढे दाखला येईल, शास्त्रवचन येईल, तिच्या कष्टांचं कौतुक येईल... फोनमधून फक्त घरातले आवाज येत होते, भांडी, ठकूची बडबड, सासूबाईंचं काहीतरी सांगणं.

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला.

नदीकाठच्या गार खडकावर ती बसली, आणि फोन कानाशी धरून मनसोक्त रडली. त्यानं तिला गप्प केलं नाही, कारणही विचारलं नाही. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा कोरडा. तिला म्हणावं, रडून झालं की आधी त्या ओल्या बाह्या बदल.